सीट उलटी लावायची

माझ्या बाबांना सांगितलेलं काम अक्षरशः करायची खोड होती. मी खोडच म्हणते, गुण म्हणत नाही, कारण गुणापायी घरच्यांना दिवसभर बिनदाराचं बसावं लागत नाही. आई एकदा नुसतं "दार लई कुरकुरते" एवढंच म्हणाली होती. बाबांनी समोरच्या दाराच्या बिजागऱ्या काढून रॉकेलमध्ये बुडवल्या, दार भिंतीला टेकवून ठेवलं, आणि त्या रविवारी येणाऱ्या-जाणाऱ्यानं आमचं घर थेट स्वयंपाकघरापर्यंत पाहून घेतलं. संध्याकाळी दार बसलं. त्यानंतर ते कधी कुरकुरलं नाही, हेही सांगायला हवं.

भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये ते मेंटेनन्सला फोरमन होते. कार्डावर जे काम लिहिलं असेल ते करायचं, त्यातलं काही सोडायचं नाही आणि लिहिणाऱ्याला उलटून विचारायचं नाही, असा त्यांचा तिथला शिरस्ता. तोच त्यांनी सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये चालवला. आईचं म्हणणं, प्लांटला निदान साप्ताहिक सुट्टी असते.

आता ताईचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळे झाली. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं कॉलेजातल्या एका केरळी मुलाशी लग्न केलं. मुलगा परका म्हणावा तर तोही भिलाईतच जन्मलेला, दोन सेक्टर सोडून राहणारा. त्याचे वडील आणि बाबा वर्षानुवर्षं एकाच शिफ्टला सायकलनं गेलेले. त्यांच्या घरून इडल्यांचा डबा यायचा आणि बाबा मिटक्या मारत खायचे. इडल्या चालत होत्या, जावई चालत नव्हता. लग्नाच्या आदल्या आठवड्यात बाबा ताईला म्हणाले, "जाऊन राहिली तर जाय. मंग या घरात येऊ नको." ताईही शेवटी त्यांचीच मुलगी. ती तीन वर्षं घरात आली नाही.

पुढे भाऊजींना जर्मनीत नोकरी लागली, दोघं तिकडे गेले, आणि तिकडेच त्यांना मुलगी झाली. पत्रं यायची ती आईच्या नाही तर माझ्या नावानं. बाबा ती वाचत नसत. फक्त मी आईला पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला बसले की त्यांना नेमकं त्याच खोलीत रेडिओ दुरुस्त करायचं काम निघायचं. रेडिओ चांगला होता. चार-पाच पत्रांनंतर मात्र तो खरंच बिघडला.

त्यांना ताई घरी यायला हवी होती. हे आईला कळत होतं, मला कळत होतं, समोरच्या क्वार्टरमधल्या काकूंनाही कळत होतं. पण त्यासाठी आधी बाबांना "ये" म्हणावं लागलं असतं, आणि ते एक अक्षर काही त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. दिवाळी झाली आणि ताईचं पत्र आलं. डिसेंबरात येते आहे, बाळ सात महिन्यांचं आहे, भाऊजी महिन्याभरानं मागून येतील, उतरणार अर्थात सासरी. हे सगळं झाल्यावर शेवटी चार ओळी होत्या. "दुर्ग स्टेशनवर बाबांना गाडी घेऊन यायला जमेल का? सासऱ्यांकडे स्कूटरच आहे. पण त्यांना सांग, बाळासाठी सीट उलटी लावावी लागेल. पुढे लावली तरी चालेल. बाळाचं तोंड मागे पाहिजे. आणि पट्टा पुरतो का, तेवढं बघून ठेवा म्हणावं."

तीन वर्षांत पहिल्यांदा ताईनं बाबांकडे काही मागितलं होतं. बाबांनी रेडिओचे स्क्रू काढायचा पेचकस खाली ठेवला.

"वाच बरं आणखी एक डाव," ते म्हणाले.

मी वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. चौथ्या वेळेला बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि त्याच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून घेतलं: १. पुढची सीट उलटी. २. तोंड मागे. ३. पट्टा. झालं, कार्ड तयार.

आमची गाडी म्हणजे नंबर लावून कितीतरी वर्षांनी मिळालेली छोटी पांढरी गाडी. चौघं बसली की पाचव्याला श्वास धरावा लागायचा. पुढे बाबांच्या शेजारची जागा आईची. तिनं तिच्या हातानं दोन्ही पुढच्या सीटना कापूस भरलेली, टाके घातलेली जाड कव्हरं शिवली होती. खाली कंपनीचं प्लास्टिक तसंच, कारण प्लास्टिक काढलं की गाडी जुनी होते.

"असं कसं असीन?" आई म्हणाली. "सीट उलटी करून कोणी बसते का?"

"जर्मनीत बसत असतीन," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "फोन करून विचारू या ना. चौकातून लावता येतो."

"एवढ्याशा कामासाठी फोन कायले पाहिजे? साफ लिहून राहिली ती, सीट उलटी. अजून काय विचारतं तिले?"

फोन का नको, हे मला लगेच कळलं. मी फोन लावला असता तर ताईनं "बाबांना दे" म्हटलं असतं. बाबांना सीट काय, आख्खी गाडी उलटी करायला सांगितली असती तरी त्यांनी केली असती, पण त्या फोनच्या काचेच्या डब्यात ते उभे राहिले नसते. आणि खरं सांगायचं तर मलाही ताईचं म्हणणं फारसं खटकलं नव्हतं. मी तेव्हा शाळेत पोरांना भूगोल शिकवत होते, पण जर्मनीबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी मान्य करायची माझी तयारी होती.

पुढच्या रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी राहिली आणि बाबांनी आईची सीट काढली. चार बोल्ट निघाले, सीट बाहेर आली, उलटी होऊन आत गेली. पण बसेना. पुढचे पाय बुटके, मागचे उंच, कारण गाडीचा तळ पुढे चढता. उलटी ठेवली की सीट अशी काही उतरती व्हायची की बसणारा घसरून थेट मागच्या माणसाच्या मांडीवर. बाबांनी माप घेतलं, कागदावर चित्र काढलं, आणि जवळच्या कुम्हारी गावातल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पट्ट्या कापून आणल्या. मी सोबत होते. तिथला माणूस चित्र बघून म्हणाला, "साहब, ये तो उलटा हो जाएगा."

"उलटा ही करना है," बाबा म्हणाले. "जर्मनी का सिस्टम है."

"अच्छा, जर्मनी," तो म्हणाला, आणि त्यानं पट्ट्यांच्या कडा दुप्पट काळजीनं घासून दिल्या.

सीट बसली. हलवून पाहिली, लोंबकळून पाहिली, हलत नव्हती. तिची पाठ समोरच्या काचेला लागली होती आणि समोरचा खण आता उघडत नव्हता. त्यात गाडीचे कागद होते. पुढचे तीन आठवडे गाडीचे कागद गाडीतच, पण कोणाला दाखवता येणार नाहीत असे सुरक्षित राहिले.

मग ट्रायल. लोड घालून चालवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं बाबा मानत नसत, आणि पहिला लोड आई. तोंड मागे, पाठ रस्त्याकडे, पदर खोचून ती बसली, मी तिच्या समोर मागच्या सीटवर. आमचे गुडघे गुडघ्यांना लागत होते. बाबांनी गाडी सुरू केली. सेंट्रल अव्हेन्यूवर पोचेपर्यंत आई ठीक होती. पुढच्या वळणावर तिचा रंग बदलला. उलट्या सीटवर आईला उलटी झाली, आणि हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की तिनं मला दोन दिवस वाढलं नाही.

"मी मरून राहिली इथं, आन तुम्ही मीटर पाहून राहिले!" ती बाबांना म्हणाली.

"तुले नाही होत सहन, बाळाले होईन. बाळाले कुठं माहीत आहे पुढं कोणतं नि मागं कोणतं."

पण आई सरावली. सरावली काय, तिला गोडी लागली. एरवी गाडीतून जाताना ओळखीचं माणूस दिसून नमस्कार करेपर्यंत ते मागे पडायचं. आता मागे पडलेली सगळी माणसं तिला निवांत दिसत होती. मागून येणारे सायकलवाले आधी दचकायचे. मागच्या काचेतून एक बाई आपल्याकडेच टक लावून पाहते आहे म्हटल्यावर कोणीही दचकेल. एकजण तर पायडल मारायचा थांबला आणि घंटी वाजवत राहिला. शिवाय मान जरा वळवली की आईला गाडी चालवणारा नवरा समोरून दिसायचा. "गियर टाकताना जीभ बाहेर येते तुमची," तिनं एकदा जाहीर केलं. "इतके वर्सं झाले लग्नाले, मले आज समजलं."

दुसरा लोड तांदळाचा. ताईनं पाठवलेला फोटो आईनं उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि सांगितलं, "साडेसात किलो. पाव इकडं-तिकडं." बाबांनी साडेसात किलो तांदूळ पिशवीत भरले, पिशवीला आईनं टोपडं घातलं, टोपडं का घातलं ते मला विचारू नका, आणि चारी बाजूंनी उशा लावून पिशवी पट्ट्यानं बांधली. कुरुदपर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून जाऊन आलो. येताना बाबांनी तीन वेळा थांबून पिशवी तपासली. दुसऱ्या वेळेला तिचं टोपडं डोळ्यांवर आलं होतं, ते त्यांनी एका बोटानं नीट वर सारलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तांदळाच्या पिशवीशी इतकं हळू वागणाऱ्या माणसाला एक फोन करता येत नाही, याचा मला राग आला होता आणि त्यांची दयाही आली होती.

घरी आल्यावर कॅलेंडरच्या पानावर तीन खुणा झाल्या. काम पूर्ण.

ताई यायच्या दिवशी बाबांनी रजा टाकली. रजा टाकणं हीच आमच्याकडे बातमी. ताईची रेल्वे दुपारी यायची होती, आम्ही सकाळी अकरालाच स्टेशनवर. बाबांनी गाडी सावलीत लावली, सीट पुसली, उशा झटकल्या, पट्टा ओढून पाहिला. मग परत पुसली. आईनं पहाटे उठून सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, केल्या होत्या, ताईच्या आवडीच्या, आणि त्या घरीच झाकून ठेवल्या होत्या. डबा भरून सासरी नेऊन देऊ का, असं मी विचारलं तर म्हणाली, "पाहू." घरी येणार नसलेल्या माणसासाठी घरी वड्या करून ठेवणारी आई, आणि ये न म्हणणारे बाबा. मधे मी.

ताई फाटकातून बाहेर आली तेव्हा मी तिला आधी ओळखलं नाही. केस कापलेले, काखेत बाळ, आणि मागे हमाल. हमालाच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात राखाडी रंगाची एक मोठी टोपलीसारखी वस्तू, वर मूठ असलेली. आई पळत गेली आणि बाळासकट ताईला कवटाळून रडली. मी रडले. बाबा गाडीजवळच उभे राहिले, एक हात दारावर ठेवून.

"बाबांना सांग, ही सीट," ताई मला म्हणाली आणि त्या टोपलीकडे बोट केलं.

"कोणती सीट?" मी म्हटलं.

"बाळाची. ही गाडीत उलटी लावायची, म्हणजे बाळाचं तोंड मागं येते. लिहिलं नव्हतं का मी?"

मी आणि आईनं गाडीकडे पाहिलं. बाबांनी हळूच दार उघडलं. आत आमची सीट, लोखंडी पट्ट्यांवर घट्ट बसवलेली, समोरच्या काचेला पाठ लावून, उशा मांडून, नवरीसारखी वाट पाहत होती.

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले सांग, सांगतलं तसंच केलं."

ताई दोन पावलं पुढे आली, आत वाकून पाहिलं, आणि हसली. साधं हसणं नव्हतं ते. ती हसत हसत बॅगेवर बसली, बाळ आईकडे दिलं आणि डोळे पुसत पुन्हा हसली. "अख्खी सीट! अगं, अख्खी गाडीची सीट फिरवली!" हमालही हसला. मलाही हसू आलं आणि ते मी गिळायला हवं होतं, पण गिळलं नाही. बाबांचे कान लाल झाले होते. ते कोणाकडेच पाहत नव्हते. तीन आठवडे त्या माणसानं जगात एकच काम केलं होतं आणि ते उलटं निघालं होतं.

ताईला ते दिसलं असावं. ती हसायची थांबली. पण मग तिनंच वाईट बोलून ठेवलं, "राहू दे आई. बाळ भुकेजलं आहे. मी ऑटो करते, तुम्ही या मागून."

बाबांनी डिकी उघडली आणि पान्यांची पेटी बाहेर काढली.

"तिले सांग, वीस मिनिटं," ते मला म्हणाले.

"त्यांना सांग, वीस म्हणजे वीसच," ताई मला म्हणाली.

मी दोघांनाही सांगितलं. दोघं माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. पगार न घेता टेलिफोन एक्सचेंज चालवायचं काम मी त्या दिवशी केलं.

बाबा गाडीत अर्धे आत, अर्धे बाहेर असे आडवे झाले. आई बाळाला घेऊन बाकावर बसली. बोल्ट सुटायला लागले तसा बाबांचा एक हात सीटखालून बाहेर आला, बोटं उघडलेली. "तेरा नंबर." लहानपणी आमच्या घरात हे काम ताईचं असायचं. बाबा सायकलखाली नाही तर नळाखाली आडवे, आणि ताई पेटीपाशी उकिडवी. तिनं पेटीत पाहिलंसुद्धा नाही, तेरा नंबरचा पाना काढून त्या हातात ठेवला.

"धर इकडून."

"धरलं."

"ओढ आता. हळू. हातावर येईन."

"येते, येते. सोडा तुम्ही."

मला वाटलं, झालं, बोलले. पण कामातलं बोलणं बोलण्यात धरत नाहीत. सीट सरळ झाली, चार बोल्ट कसले गेले, आणि दोघं उठून हात पुसायला लागले तसे पुन्हा माझ्याकडे पाहायला लागले.

मग ताईनं ती टोपली सीटवर ठेवली, बाळाचं तोंड मागे येईल अशी. तिच्यावरचं चित्र पाहत पट्टा बाळाच्या पायांवरून घेतला, टोपलीच्या पाठीमागून वळवला, आणि शेवटी खटक्याकडे आणला. चार बोटं कमी. ओढून पाहिला. चार बोटं कमी. सीट पुढे सरकवली, मागे सरकवली. मागे घेतल्यावर तीन बोटं.

"त्यांना म्हटलं होतं मी, पट्टा पुरतो का पाहा," ताई म्हणाली.

"तिले सांग, तांदळाले पुरला होता."

"कशाला?"

मी तांदळाचं सांगितलं. साडेसात किलो, टोपडं, कुरुदचे खड्डे, सगळं. मला वाटलं ती परत हसेल. ती हसली नाही. खाली मान घालून पट्टा उगाच हातात गुंडाळत राहिली.

बाबा बाजूला उकिडवे बसून त्या टोपलीच्या बुडाकडे पाहत होते. मग त्यांनी अंगठ्यानं सीट दाबली. आईच्या हातच्या कापसात अंगठा अर्धा आत गेला.

"हे कव्हर काढा लागते."

"कव्हर नाही काढाचं!" आई बाकावरून ओरडली. "सीट मळते!"

"तीन बोटं याच्यातच आहेत."

आई उठून आली, कव्हराकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि स्वतःच दात लावून टाका तोडला. कव्हर निघालं. खालचं प्लास्टिकही निघालं, फराफरा आवाज करत. टोपली बसली ती नीट खाली बसली. ताईनं पट्टा फिरवून आणला आणि खटका लागला. बाबांनी मूठ धरून टोपली हलवली. गाडी हलली, टोपली नाही. वीस मिनिटांची चाळीस झाली होती, पण तो विषय कोणी काढला नाही.

बाळ ठेवलं. बाबांच्या शेजारी ते, मागे आम्ही तिघी आणि आमच्या मांड्यांवर ताईचं सामान. बाळाचं तोंड मागे, म्हणजे ताईकडे. पण बाबांनी डावीकडे मान वळवली की सगळं तोंड त्यांना समोर दिसत होतं. आणि ते दर विजेच्या खांबाला वळवत होते. गाडी इतकी हळू चालली होती की जी. ई. रोडवर एका बैलगाडीनं आम्हाला सोबत केली. मला सारखं वाटत होतं, आता चौक येईल. त्या चौकात उजवीकडे वळलं की ताईचं सासर, आणि तसंच सरळ गेलं की आमचं घर. तिथे बाबा वळले, की संपलं. ताईला ते सासरच्या फाटकात उतरवतील, पट्टा काढतील, टोपली देतील, आणि परत येऊन रेडिओ उघडून बसतील.

चौकाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू. सकाळची शिफ्ट सुटली होती, दोन्ही बाजूंनी सायकली जात होत्या. ताई माझ्या शेजारी ताठ बसली होती. आईनं माझं मनगट पकडलं.

बाबा बाळाकडे वळले. घसा साफ केला.

"काय म्हणते बाळ?" ते म्हणाले. "आजोबाच्या घरी येते का? आजीनं वड्या केल्या आहेत."

बाळ त्यांच्याकडे पाहत राहिलं. मग ताई बोलली, मागून, आवाज अगदी खाली.

"बाळ म्हणते, त्याच्या आईले विचारा. आन सरळ विचारा. मधात कोणी पाहिजे नाही."

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मला त्यांची फक्त मान दिसत होती, दाढी करताना कापलेल्या जागेवर कापूस चिकटलेला होता. मला वाटलं, नाही जमणार यांना. मला वाटलं, मीच म्हणते, चल ना ताई. पण आईनं मनगट इतकं दाबलं की मी गप्प राहिले.

"मी तवा बोललो ते," बाबा म्हणाले आणि थांबले. एक सायकलवाला घंटी वाजवून गेला. "ते चुकलं माह्यं. येते का वं घरी?"

"येते," ताई म्हणाली. मग तिला रडू फुटलं आणि रडता रडता ती भांडल्यासारखी बोलली, "तीन वर्सं लावले तुम्ही एवढं विचाराले. तीन वर्सं, बाबा!"

बाबांनी बाहीनं तोंड पुसलं. पहिला गियर टाकला आणि गाडी सरळ घेतली.

"तू बी तर," ते म्हणाले, "बापाचं एवढं ऐकते का वं कोणी?"